दोन जागा सांगणारे जाधव सर

जाधव सर बोलता बोलता मध्येच गप्प बसत. समोरच्याला राग येवो, चहा निवो, साहेब वैतागोत, त्यांना फरक पडत नसे. प्रत्येक तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला त्यांचं तोंड बंद. तीन मिनिटं. वाक्य अर्धं असेल तर ते तसंच सोडायचं आणि तीन मिनिटांनी जिथे सोडलं तिथून उचलायचं. टेबलावर एक छोटं घड्याळ होतं आणि त्याच्या तबकडीवर त्यांनी लाल रंगाच्या दोन पाचरी स्वतः रंगवल्या होत्या. मोठा काटा पाचरीत शिरला की सर गप्प.

मी नवीन होते तेव्हा शेजारच्या टेबलावरचा ओंकार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. विपश्यना चालू आहे." ते सरांनी ऐकलं. तीन मिनिटं पुरी होऊ दिली आणि मग शांतपणे म्हणाले, "विपश्यना मी पहाटे करतो रे. ही नोकरीची सवय आहे."

नोकरी म्हणजे जहाजावरची. सर तरुणपणी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या काळी संकटात सापडलेल्या जहाजांसाठी एक लहर राखून ठेवलेली असे, आणि तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, सगळ्या जहाजांनी त्या लहरीवर बोलणं थांबवून नुसतं ऐकायचं असा नियम होता. कुणी क्षीण आवाजात मदत मागत असेल तर ती गोंगाटात बुडू नये म्हणून. पुढे उपग्रह आले, रेडिओ ऑफिसर हे पदच जहाजांवरून गेलं, ती लहरही बंद पडली. सर मात्र ऐकत राहिले.

घरी काकूंनी या सवयीचा पुरेपूर फायदा करून घेतला होता. एका बुद्धपौर्णिमेला आम्ही ऑफिसमधले चारपाच जण त्यांच्या शहाडच्या घरी खीर खायला गेलो, तेव्हा काकूंनीच सांगितलं. "पोरीने स्वतःच मुलगा पसंत केला, हे मी ह्यांना पावणेआठला सांगितलं. बरोबर पावणेआठला. तीन मिनिटं बसले नुसते माझ्याकडे डोळे वटारून. बोलायची वेळ झाली तोवर राग निवलेला." सर खिरीच्या वाटीत बघत हसत होते.

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. खाली लेथचा कारखाना, वर आम्ही बारा जण. काम ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. एका परदेशी कंपनीचे छोटे छोटे उपग्रह तिघातिघांच्या टोळीने पृथ्वीभोवती फिरतात. ते फोटो काढत नाहीत, कान देतात. खाली कुणी रडार लावलं, कुणी वायरलेस सेटचं बटण दाबलं, की ती लहर तिन्ही उपग्रहांकडे थोड्याथोड्या फरकाने पोचते आणि त्या फरकावरून ती कुठून निघाली ते काढता येतं. बहुतेक गणित यंत्र करतं. यंत्र जिथे अडतं तिथे माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे आम्ही. तपासायचं, 'मंजूर' दाबायचं, पुढे पाठवायचं.

जहाजं सुटल्यावर सर बरीच वर्षं गोदीत जहाजांचे रेडिओ दुरुस्त करत होते. साठी उलटल्यावर समीरने त्यांना शोधून आणलं. समीर म्हणजे आमचा साहेब. परदेशात शिकून आलेला, आमच्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठा, आणि खरं सांगायचं तर मनाने चांगला. त्याला लहरी गणितात कळत. सरांना त्या ओळखीच्या माणसांसारख्या कळत. आमचं सुरुवातीचं काम चोरून मासेमारी करणाऱ्या बोटी शोधण्याचं होतं. सर हेडफोन एकाच कानाला लावत, दुसरा कान कुणी हाक मारेल म्हणून मोकळा, आणि सांगत, "हा म्हातारा रडार आहे, स्वर धरवत नाहीये त्याला. आणि चालवणारा काटकसरी आहे बघ. दोन फेऱ्या मारतो, बंद करतो. जाळं टाकून बसलाय." ओंकार म्हणायचा, "सर, त्याने दुपारी काय खाल्लं ते पण सांगा ना." सर म्हणत, "मासे. दुसरं काय मिळणार आहे त्याला?"

मला त्यांनी पहिला धडा गच्चीवर दिला. हातात एक जुना ट्रान्झिस्टर ठेवला, रेडिओ केंद्र लावलं आणि म्हणाले, "गोल फिर. आवाज सगळ्यात बारीक होईल तिथे थांब." मी फिरले, थांबले. "आता ह्याचं टोक ज्या रेषेत आहे त्या रेषेत केंद्र. सांग कुठे?" विचार न करता मी पूर्वेला बोट दाखवलं. सर माझ्या बोटाच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. "तू राहतेस कुठे?" "डोंबिवलीला." "मग तुमच्या डोंबिवलीत कधी निघालं केंद्र? केंद्र मालाडला, तुझ्या पाठीमागे." मग ट्रान्झिस्टर माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "रेषेला दोन टोकं असतात, प्राजक्ता. आपण घराकडचं धरतो."

दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकेक चिठ्ठी चिकटलेली होती. 'उलट बाजू बघितली का?' अक्षर सरांचं, सुबक, मराठी शाळेतलं. महिन्याभरात ती चिठ्ठी आम्हाला दिसेनाशी झाली, रोजच्या भिंतीसारखी.

त्यांच्या मौनाने एकदा कंपनीचा फायदाही केला. एक मोठा ग्राहक व्हिडिओ कॉलवर होता. लहर कुठून निघाली ती जागा तासाभरात हवी म्हणून अडून बसला होता. "तुमच्या तज्ज्ञांना विचारा, तासाभरात होईल की नाही," तो म्हणाला, आणि नेमके पावणेतीन वाजले. सर स्क्रीनकडे स्थिर नजरेने बघत बसले. समीर टेबलाखालून त्यांचा पाय दाबतोय, सर ढिम्म. पहिल्या मिनिटाला ग्राहक हसला, दुसऱ्याला त्याने घसा साफ केला, आणि तिसरं संपायच्या आत स्वतःच म्हणाला, "ठीक आहे, दोन तास घ्या." त्या दिवशी समीरने सगळ्यांना मिसळ खिलवली.

तो ग्राहक सैन्याच्या कामाचा होता. दूरच्या एका देशात लढाई चालू होती आणि तिथल्या एका बाजूच्या सैन्यासाठी त्याची कंपनी मध्यस्थ म्हणून आमच्याकडून जागा घ्यायची. बोटी मागे पडल्या, वायरलेस सेट आले. काम तेच, पण ऑफिसातलं बोलणं कमी झालं. सरांनी एकदाच समीरला विचारलं, "आपण जागा सांगतो. पुढे काय करतात ते?" समीर म्हणाला, "ते आपल्याला सांगत नाहीत, सर." सरांनी मान हलवली आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

त्याच हिवाळ्यात आम्ही ऑफिसतर्फे खडवलीला नदीवर गेलो होतो. बाकीचे पाण्यात उतरले. सर काठावरच्या खडकावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते, आणि मला पाण्याची भीती म्हणून मी शेजारी. तेव्हा त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

ते नोकरीत नवीन होते. एक दिवस सकाळी एका लहान मालवाहू बोटीची हाक ऐकू आली, बोटीत पाणी शिरतंय म्हणून. दिशा काढायला जहाजावर गोल अँटेना असे. तो रेषा देई, ट्रान्झिस्टरसारखीच, आणि रेषेचं कुठलं टोक खरं ते बघायला वेगळं बटण दाबावं लागे. "कॅप्टन दारात उभा होता. म्हणाला, पुढेच असेल ती, आपल्या मार्गावर. मी रेषा बघितली. एक टोक पुढेच होतं. मला वाटलं, बरोबर आहे." त्यांनी ते बटण दाबलंच नाही. जहाज दोन तास पुढे गेलं, आणि हाक मोठी व्हायच्या ऐवजी बारीक होत गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग मी वर जाऊन सांगितलं, माझी चूक झाली, मागे वळा. वळले. पोचलो तेव्हा बोट नव्हती. फळ्यांना धरून माणसं होती. नऊ वर घेतली. ते म्हणाले, आम्ही अकरा होतो." सर पाण्यातल्या ओंकारकडे बघत होते. "मला कुणी काही बोललं नाही. कॅप्टनने वहीत लिहिलं, हवा खराब. हवा चांगली होती गं."

मी त्यांना संत्रं सोलून दिलं. त्यांनी ते खाल्लं.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसले त्या दिवसाबद्दल. तीनपैकी एक उपग्रह पंधरा दिवसांपासून बिघडलेला होता. तीन असले की एकच जागा निघते. दोन असले की उत्तर दोन निघतात, उपग्रहांच्या वाटेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि नुसत्या लहरीवरून खरं कुठलं ते सांगता येत नाही. जेवणाची सुट्टी संपता संपता त्या ग्राहकाची मागणी आली. एक सेट चार मिनिटं बोलून बंद झाला होता, त्याची जागा दोन तासांत हवी. यंत्राने नकाशावर दोन शक्य जागांभोवती दोन लंबगोल काढले. एक उजाड डोंगरावर. दुसरा एका छोट्या गावावर. गावाचं चित्र मोठं करून बघितलं तर बसस्टँड होता, निळ्या पत्र्यांचा बाजार होता, आणि शाळा असावी अशी एक लांब इमारत. यंत्राने गावाला पहिला नंबर दिला, कारण ग्राहकाने पूर्वी कधीतरी ते गाव संशयित म्हणून यादीत टाकलं होतं.

सरांनी सेटचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. "सुरू होताना स्वर वर चढतो आणि मग खाली बसतो बघ. सर्दी झाल्यासारखा. हा सेट मी पुन्हा ऐकला तर ओळखेन. पण तो कुठे आहे ते नाही सांगता येणार. दोन्ही जागा पाठवू या."

"सर, फॉर्ममध्ये जागेचा रकाना एकच आहे," समीर म्हणाला.

"मग फॉर्म चुकीचा आहे."

"असेल. पण तो आपण नाही ना बनवला."

सरांनी एकाच रकान्यात दोन्ही जागा टाकून बघितल्या. रकाना लाल झाला. मग त्यांच्या सांगण्यावरून समीरने खरोखर फोन लावला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमचा जो पहिला अंदाज असेल तो द्या. समीरने फोन ठेवला. "सर, बारा घरं चालतात ह्या कंपनीवर. प्लीज."

"त्या गावात किती असतील?" सरांनी विचारलं.

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "माझ्या नावाने जाणार नाही," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. समीर माझ्याकडे वळला. "प्राजक्ता, तू दुसरी तपासनीस आहेस. तुझं लॉगिन चालेल."

मी 'मंजूर' दाबलं. कारणं पुष्कळ सांगता येतील. यंत्राने गावच आधी दिलं होतं, ग्राहकानेच पहिला अंदाज मागितला होता, मला लष्करातलं काय कळतं. खरं कारण एवढंच की समीर माझ्याकडे बघत होता आणि मला नाही म्हणायची सवय नव्हती. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर चिकटलेली होती आणि मी दाबलं.

"दाबलंस?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"बरं."

ते रागावले असते तर मी भांडले असते. त्या 'बरं'चं मला काय करायचं ते कळेना, आणि पुढचे दिवस मी त्यांना टाळत राहिले. चहाला त्यांच्या आधी किंवा नंतर जायचे. महिनाअखेरीस त्यांचा करार संपत होता, तो समीरने वाढवला नाही. निरोपाला शाल दिली, ओंकार रडला, मी फोटोत मागच्या रांगेत उभी राहिले.

साधारण दोन महिन्यांनी तिसरा उपग्रह पुन्हा सुरू झाला. आणि एक दिवस दुपारी माझ्या कानात तो सेट बोलला. स्वर आधी वर चढला, मग खाली बसला. तीन उपग्रह, एकच जागा. उजाड डोंगर. मी जुना नकाशा काढून वर ठेवला. मी टाकून दिलेल्या लंबगोलाच्या बरोबर मध्ये ती जागा होती. गावात तो सेट त्या दिवशी नव्हताच.

दोन दिवस मी त्या गावाचं नाव बातम्यांत शोधलं. कुठेही सापडलं नाही. काही घडलं नाही म्हणून नाव नाही, की तिथून बातमीच बाहेर येत नाही म्हणून नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मी शहाडला गेले.

सर नुकतेच विहारातून आले होते. विहारात घालायचा पांढरा सदरा अजून अंगातच, आणि समोर वर्तमानपत्रावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, तो मला सहन होईना. मी दारातच सगळं सांगून टाकलं. रडले पण. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या.

"समीरला सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"ग्राहकाला?"

"नाही. आता काय उपयोग सर? दोन महिने झाले. जे व्हायचं ते होऊन गेलं असेल."

सरांनी फडक्याने हात पुसले. "ते गाव त्यांच्या यादीत आहे ना? आता त्याच्यापुढे तुझी मंजुरी पण आहे. पुढच्या वेळी दोन जागा आल्या की यंत्र काय उचलेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दोन महिने मागचा विचार करत होते आणि ते गाव अजून तिथेच होतं, बाजारासकट.

"लॅपटॉप आणलायस? काढ," सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. अमुक दिवशी पाठवलेली जागा चुकीची होती. बरोबर जागा ही. गावात हा सेट असल्याचा आमच्याकडे कसलाही पुरावा नाही, तरी ते यादीतून काढावं. शेवटी मी थांबले. "नाव कुणाचं घालू, सर?"

"तुझं. पाठवलं कुणी होतं?"

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. दुकानदार पिशवी कुणाची म्हणून विचारतो तसं विचारलं. मी माझं नाव घातलं आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं, आपला संदेश मिळाला आहे.

"काय म्हणतात?"

"मिळाला म्हणतात."

"माणूस म्हणतोय की यंत्र?"

"यंत्र."

"मग थांबू," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आम्ही थांबलो. काकूंनी जेवायला वाढलं, जेवलो. मिक्सर जोडून झाला, शेजारीण येऊन घेऊन गेली. उन्हं कलली तरी स्क्रीनवर काही आलं नाही. निघताना सर मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. रिक्षा मिळाली. मी बसले तर वाकून म्हणाले, "उत्तर आलं की फोन कर."

"हो, सर."

रिक्षा सुरू झाली. त्यांनी दांड्याला धरून ती थांबवली. "आणि नाही आलं तरी कर." रिक्षावाला वैतागला. मी मागे वळून बघितलं तर सर पांढऱ्या सदऱ्यात तिथेच उभे होते, रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना वाट देत. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

समीरला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आधी मला विचारायचं होतंस. मी नाही म्हणालो असतो, ते सोड." त्याने मला काढलं नाही. मी अजून तिथेच आहे, हे लिहिताना थोडी लाज वाटते. दोन उपग्रहांवरची मागणी आली तर मी दाबत नाही, एवढंच करते.

दर सोमवारी मी ऑफिसला पोचल्यावर शहाडला फोन करायचे. "नाही आलं, सर." "बरं." मग थोडं इकडचंतिकडचं, ओंकारचं लग्न, काकूंचे गुडघे. मध्यंतरी त्यांचा आवाज बसला, खोकला मागे लागला, तरी फोन ते स्वतःच उचलत. मी पत्र आणखी तीनदा पाठवलं. तीनदा यंत्राने मिळाल्याचं कळवलं.

मग एका सोमवारी फोन काकूंनी उचलला. म्हणाल्या, "तुझे सर गेले गं, शनिवारी. कुणाकुणाला कळवणार? सुचलंच नाही." पलीकडे घरात माणसं बोलत होती, भांड्यांचा आवाज येत होता. काकूंनी नाक पुसलं असावं. मग त्यांनी विचारलं, "आलं का उत्तर?"

"नाही, काकू."

"बरं," काकू म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी कर."